जुना बाजार आणि जुन्नरी कागद

जुन्नर-आंबेगावकडची शिक्षकमंडळी कामासाठी पुण्याला गेली, की परतीची एसटी धरण्यापूर्वी अप्पा बळवंत चौकात एक फेरी ठरलेली असते. शाळेसाठी नवी पुस्तके तिथे मिळतातच. पण आमचे पाय जास्त रेंगाळतात ते जुन्या पुस्तकांपाशी. चौकाच्या आसपासची जुनी क्रमिक पुस्तके विकणारी दुकाने, पदपथावर मांडलेले ढीग, आणि मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी व रविवारी भरत आलेला जुना बाजार. या बाजारात गंजलेले नटबोल्ट, घड्याळांचे सुटे भाग आणि पितळी भांडी यांच्या शेजारी पुस्तकांचे गठ्ठेही असतात.

या ढिगांकडे केवळ स्वस्त पुस्तकांची जागा म्हणून पाहू नये, असे आम्हाला वाटते. ज्ञान कसे टिकते आणि कसे नष्ट होते, याचा इतिहास तिथे हाताने चाचपून पाहता येतो. विशेष म्हणजे या इतिहासाचे एक टोक थेट जुन्नरला पोहोचते.

ढिगात काय असते?

गेल्या काही दशकांत मराठी मुलांनी जे वाचले, त्यातले बरेचसे आज फक्त अशा ढिगांत सापडते. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. वेताळाच्या चित्रकथा त्यातून मराठीतही आल्या. १९९० मध्ये ही मालिका बंद झाली. १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्यात पुराणांबरोबर जगदीशचंद्र बोस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांची चरित्रेही आली. पुण्याचे प्रताप मुळीक आणि राम वाईरकर हे या मालिकेचे नामवंत चित्रकार. त्याआधी १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला होता. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीचे ‘किशोर’ निघाले. विज्ञानाच्या बाबतीत तर पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचे.

ही सगळी वाचनसामग्री एका अर्थाने दुर्दैवी आहे. ग्रंथालये जाड बांधणीची पुस्तके जपतात. मासिके आणि कॉमिक्स मात्र वाचून फाटतात किंवा रद्दीत जातात. लाखो हातांतून फिरलेली वस्तू शेवटी दुर्मिळ होते ती अशी. जुन्या पुस्तकांचा विक्रेता रद्दीच्या गोणीतून एखादा अंक बाजूला काढतो, तेव्हा तो अंक कागदाच्या लगद्यात जाण्यापासून वाचतो. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवरील विक्रेत्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. २००५ मध्ये महापालिकेने तेथील बरेच ठेले हटवले. काळबादेवीचे १९०५ पासूनचे ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ २०११ मध्ये बंद झाले. दुकान बंद झाले की गोणीतून अंक बाजूला काढणारा हातच नाहीसा होतो.

पण विक्रेत्याने वाचवलेला अंकही नीट उघडेलच, असे नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे एखादे कॉमिक चाळताना पान दुमडले, की कोपरा तुटून हातात येतो. कडा तपकिरी झालेल्या असतात आणि पानांना आंबूस वास येतो. उलट पेशवाईतली मोडी पत्रे भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दप्तरात पाहिली, तर अडीचशे वर्षांनंतरही कागद मऊ असतो आणि घडी घातली तरी तुटत नाही. आजोबाचा कागद धट्टाकट्टा आणि नातवाचा कागद जर्जर, असे का व्हावे?

जुन्नरचा कागद

याच्या उत्तरासाठी जुन्नरला परतावे लागते. लिखाणासाठी माणसाने काय काय वापरले, हे या एका तालुक्यात दिसते. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांच्या संख्या त्यात अंकांत कोरलेल्या आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. हे दगडावरचे लिखाण दोन हजार वर्षे टिकले. मध्ययुगात हेच जुन्नर हातकागदासाठी नावाजले गेले. दौलताबादी कागदाप्रमाणे ‘जुन्नरी कागद’ हीही एक ओळखीची जात होती. कागद करणाऱ्यांना ‘कागदी’ म्हणत. जुन्नरकडून आलेल्या अशा कारागिरांची पुण्यात कसबा पेठेत वस्ती झाली. तिचेच नाव कागदीपुरा. आजचा जुना बाजार तेथून हाकेच्या अंतरावर आहे!

हातकागदाची आपल्याकडची सर्वसाधारण रीत अशी होती. तागाचे जुने दोर, गोणपाट, चिंध्या, टाकाऊ कागद असा माल तुकडे करून चुन्याच्या पाण्यात भिजवत. मग तो पायाने चालवायच्या ढेंकीत कुटायचा, नदीवर धुवायचा, पुन्हा चुना, पुन्हा कुटणे. असे अनेकदा केल्यावर तयार झालेला लगदा हौदातल्या पाण्यात कालवून चाळणीवर त्याचा पातळ थर उचलत. तो ताव भिंतीवर वाळवून त्याला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. बोरूची शाई पसरू नये म्हणून ही खळ.

म्हणजे जुन्नरचा कागदी हा रद्दीचाच व्यवसाय करीत होता. पण त्याच्या हाती टाकाऊ वस्तूचा टिकाऊ कागद होत असे. चुन्याने धाग्यांतले नको असलेले पदार्थ सुटत आणि तो काही प्रमाणात कागदातच राहून हवेशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होई. कागदात पुढे कधी आम्ल तयार झाले, तर ते निष्प्रभ करणारा साठा आधीपासूनच तिथे असे. शाई काजळी आणि डिंकाची. तीही कागदाला न खाणारी. कारागिराला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्याच्या हातात होता.

स्वस्ताईचे मोल

एकोणिसाव्या शतकात युरोपात साक्षरता आणि वर्तमानपत्रे वाढली आणि चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. १८४० च्या दशकात जर्मनीत केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची युक्ती काढली. त्याआधी १८०७ मध्ये इलिग याने खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरण्याची पद्धत सांगितली होती. या दोन्हींमुळे कागद विलक्षण स्वस्त झाला. हा स्वस्त कागद नसता तर शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक पडले नसते, हेही विसरू नये. गिरणीच्या कागदापुढे जुन्नरचा हातकागद मात्र टिकला नाही. पुढे १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या खटपटीतून पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तेव्हा हे कौशल्य पुन्हा मांडण्याचा प्रयत्न झाला.

या स्वस्त कागदात दोन दोष होते. लाकडात सेल्युलोजच्या जोडीला लिग्निन नावाचा पदार्थ असतो. घासून केलेल्या लगद्यात तो तसाच राहतो आणि प्रकाश व हवा यांच्या परिणामाने पिवळा-तपकिरी पडतो. दुसरा दोष तुरटीचा. दमट हवेत तिच्यापासून हळूहळू आम्ल तयार होते. सेल्युलोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. आम्ल ही माळ जागोजाग तोडते. माळा आखूड झाल्या की कागदाची लवचीकता जाते आणि तो घडीवर मोडतो. वर्तमानपत्री कागदात हे दोन्ही दोष एकवटू शकतात. आपल्या देशात असा कागद नेपानगरच्या कारखान्यात १९५५ पासून होऊ लागला. बराचसा परदेशातूनही येत असे.

अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलेली पुस्तके तपासून १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या बहुसंख्य पुस्तकांचा कागद पन्नास वर्षेही धड टिकणार नाही, असे त्यांना आढळले. शतकाच्या शेवटी अनेक गिरण्यांनी आम्लाची पद्धत सोडून कॅल्शियम कार्बोनेट वापरायला सुरुवात केली. म्हणजे चुना पुन्हा कागदात आला! त्यामुळे सर्वांत धोक्यात आहे ते साधारण १८६० ते १९९० या काळातले छापील साहित्य. आपले आजोबा, आईवडील आणि आपण स्वतः जे वाचून शिकलो, ते हेच.

एका तारखेची गोष्ट

कोणी म्हणेल, जुने कागद गेले तर बिघडले काय? नवी पुस्तके अधिक बिनचूक असतात. याचे उत्तर जुन्नरजवळच्याच शिवनेरीच्या उदाहरणाने देता येईल.

जुन्या बाजारात एखादे जुने इतिहासाचे पुस्तक मिळाले, तर शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष १६२७ दिलेले आढळू शकते. आजच्या पुस्तकांत १९ फेब्रुवारी १६३० आहे. हा बदल कसा झाला? भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुनी शकावली होती. ती लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी होती. परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्यातही हीच तिथी मिळाली. दोन वेगळी साधने एकच तिथी सांगत होती. शिवाय गणित करून पाहिले तर तो वार शुक्रवारच येतो. (ही तारीख जुन्या ज्यूलियन पंचांगाची; आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने १ मार्च १६३०.) वाद मात्र पुष्कळ काळ चालला आणि राज्य शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ मध्ये निश्चित केली.

जेध्यांच्या घरातली शकावली हातकागदावरची होती, म्हणून ती टिकली. टिकली म्हणून पुढच्या पिढ्यांना आधीची समजूत तपासता आली. आणि १६२७ लिहिलेले जुने पुस्तक? तेही तितकेच मोलाचे आहे. ते हातात नसेल, तर समजूत बदलली हे विद्यार्थ्याला दाखवणार कशाने? ज्ञान तयार स्थितीत आकाशातून पडत नाही, पुरावा मिळेल तसे सुधारत जाते, हे सांगायला जुने पुस्तक आणि नवे पुस्तक शेजारी ठेवण्याइतके सोपे साधन नाही.

विज्ञानातही तेच. २००६ पूर्वीच्या पुस्तकात प्लूटो ग्रह असतो. खगोलशास्त्राचे १९८० चे पुस्तक घेतले, तर त्यात सूर्याशिवाय दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा पक्का पुरावा नसतो. आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीणही नसते. म्हणून जुने विज्ञानपुस्तक हाती आले, की आधी त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे. साल कळले तर ते पुस्तक पुरावा ठरते. साल न पाहता वाचले तर दिशाभूल करते.

वर्गात करून पाहा

वर्तमानपत्राचा ताजा कागद, वहीचा पांढरा कागद आणि हातकागद यांच्या पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा. वर्तमानपत्राच्या उघड्या भागाचा रंग सर्वांत जास्त बदललेला दिसेल. हा लिग्निनचा परिणाम. निरनिराळ्या वर्षांच्या रद्दी कागदांवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून त्यावर पीएच पट्टी दाबून धरली, तर आम्लतेचा अंदाज येतो. रद्दीच्याच कागदाचा कोपरा पुढे-मागे दुमडून तो किती घड्यांनंतर तुटतो, हेही मोजता येते. हे प्रयोग जपून ठेवायच्या पुस्तकावर मात्र करू नयेत.

रद्दीत टाकण्यापूर्वी

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. त्या गावाचा बाजार, वाटा, शाळा यांची आठवण ज्यांना आहे, ती माणसे वयस्क झाली. पुढे उरतील ते कागदच: जुने नकाशे, शाळेची हजेरीपुस्तके, एखाद्या स्मरणिकेतला लेख. असे कागद संग्रहालयात असण्यापेक्षा माळ्यावरच्या पेटीत असण्याचा संभव अधिक. आणि दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत त्यांचे वजन होते.

म्हणून काही साध्या गोष्टी आपण करू शकतो. शाळेची किंवा घरची रद्दी देण्यापूर्वी एकदा चाळावी. जुन्या अंकाचे नाव, साल, आवृत्ती, छापखाना, किंमत आणि आत कोणाचा शिक्का असेल तर तो, एवढे एका वहीत नोंदवावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद पुढे कागद डागाळतो. भीमाशंकर-नाणेघाटाकडच्या पट्ट्यात पाऊस फार, तेव्हा पुस्तके भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नयेत. ऊन आणि ओल दोन्ही टाळावीत. ठिसूळ झालेल्या अंकाची छायाचित्रे आधी काढावीत, मग तो बांधून ठेवावा. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत, गावोगावच्या शाळांच्या हस्तलिखितांसाठी आणि स्मरणिकांसाठी हे काम आपल्यालाच करावे लागेल.

आणि पुण्याला जाल तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी विद्यार्थ्यांनाही न्यावे. एकाच विषयाची, वीस-वीस वर्षांच्या अंतराची तीन पुस्तके शोधून आणायला सांगावे. शोधताना त्यांची बोटे मळतील. पण कुठल्या काळी काय माहीत होते आणि ते कशामुळे बदलले, हा प्रश्न ती मुले परतीच्या एसटीतच विचारू लागतील.