हातावरचा वण



साठी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकींच्या हातावर एक वण आहे. लहानपणी देवी टोचल्याची ती खूण. नातवंडांच्या डाव्या दंडावर दिसतो तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा.

औषध म्हटलं की आपल्याला गोळी नाहीतर काढा आठवतो. या दोन्ही लसी मात्र कातडीतच देतात. शरीराचे पहारेकरी तिथे जागे असतात, म्हणून अगदी थोडं औषध पुरतं. देवीची लस टोचली की फोड यायचा, खपली धरायची आणि वण राहायचा.

देवीचा रोग काय होता, ते पंचवटीतल्या आमच्या वाड्यातल्या एका आजींकडे पाहून कळायचं. तोंडभर वण, एक डोळा गेलेला.

गाईंच्या देवीतला द्रव टोचला तर माणसाला देवी येत नाहीत, हे इंग्लंडमध्ये जेन्नरने १७९६ साली दाखवलं. ती लस बगदाद, बसरा करत जहाजाने मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. भारतातली ही पहिली. तेव्हा फ्रिज कुठला! ॲनाच्या फोडातला द्रव आणखी पाच मुलांना टोचला. मग अशीच एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर लस पुणे, सुरत, हैदराबादपर्यंत गेली. टोचलेलं लेकरू आठवड्याने परत आणून, दुसऱ्याच्या मुलासाठी त्याचा हात पुढे करणाऱ्या आयांची नावं कुठल्या वहीत नाहीत.

पुढे वासरांच्या कातडीवर फोड आणून लस बनू लागली. आपल्या मनाला हे बोचतं, बोचायलाच हवं. मी कॉमर्सची, म्हणून दोन्ही बाजू मांडते. १९६२ साली सरकारने देवी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू केला. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला, एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० मध्ये सारं जग. त्यानंतर सरसकट टोचणं थांबलं. म्हणून आपल्या मुलांच्या हातावर तो वण नाही आणि त्यासाठी वासरांना इजा करण्याची गरजही उरली नाही.

ही जमेची बाजू मोठीच आहे. तरी खर्चाचं पान कोरं नाही. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागताना मी त्या वासरांनाही आठवते.