निमचं संत्रं

प्राण्यांना भाषा असते का, हा विषय निघाला की वाद ठरलेलाच. एक पार्टी म्हणणार, "आमच्या मोत्याला सगळं कळतं हो!" दुसरी म्हणणार, "छे! भाषा फक्त माणसाला." मला अशा वेळी मतांपेक्षा डेटा बघायला आवडतं (पेशाची सवय, दुसरं काय!). म्हणून आज निम चिम्स्की नावाच्या चिंपांझीची गोष्ट.

निम जन्मला १९७३ साली, अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये. नाव ठेवलं ते नोम चॉम्स्कीला चिमटा काढायला. व्याकरणाची क्षमता उपजत असते आणि ती फक्त माणसातच असते, असं चॉम्स्कीचं म्हणणं. कोलंबिया विद्यापीठातल्या हर्बर्ट टेरेस यांना हेच तपासून बघायचं होतं. चिंपांझीला माणसासारखं बोलता येत नाही, पण हात तर आहेत! नेवाडात गार्डनर दांपत्याने १९६६ पासून वॉशू या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली होती. तिने हंस बघून 'पाणी' आणि 'पक्षी' अशा खुणा केल्या, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. पण तिने नवा शब्द बनवला, की समोर पाणी दिसलं आणि पक्षीही दिसला, म्हणून दोन खुणा केल्या?

निम न्यूयॉर्कमध्ये माणसांच्या घरात वाढला. सुमारे १२५ खुणा शिकला. त्याच्या एकापेक्षा जास्त खुणांच्या १९,००० हून अधिक नोंदी झाल्या. टेरेसना आधी वाटलं, जमलं! मग त्यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग तपासले. निम बहुतेक वेळा शिक्षकाने नुकतीच केलेली खूणच परत करत होता. आणि त्याची 'वाक्यं' वाढतच नव्हती. लहान मुलाचं वाक्य वयाबरोबर लांब होतं, अर्थ वाढत जातो. निमचं सगळ्यात लांब वाक्य १६ खुणांचं होतं: दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. म्हणजे काय, तर संत्रं दे!

टेरेसनी १९७९ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला, तो स्वतःच्याच अपेक्षेच्या विरुद्ध. याला हिंमत लागते. शिक्षक सारखे बदलत होते, शिकवणंच नीट नव्हतं, असे आक्षेप आले, आणि तेही अगदीच चुकीचे नाहीत.

आता गंमत बघा. निम जन्मला त्याच वर्षी कार्ल फॉन फ्रिश यांना नोबेल मिळालं. मधमाशी नाचून सांगते की फुलं सूर्यापासून कुठल्या कोनात आणि किती लांब आहेत. म्हणजे डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टीबद्दल सांगणं, जे आपण भाषेचं मोठं लक्षण मानतो, ते एका किड्याला जमतं! पण तिचे विषय मोजकेच. काँगोतल्या बोनोबोंवरचा २०२५ चा अभ्यास म्हणतो की ते दोन आवाज जोडतात तेव्हा एकाचा अर्थ दुसऱ्याने बदलतो. थोडक्यात काय, भाषा म्हणजे एकच फीचर नाही, तो फीचर्सचा गठ्ठा आहे. त्यातली सुटी फीचर्स अनेकांकडे सापडतात. सगळा गठ्ठा अजून तरी माणसाकडेच दिसला आहे. त्यामुळे "खरी भाषा का?" याला माझं उत्तर 'नाही', पण मधे भिंत आहे असंही नाही.

आता निमचं पुढे काय झालं ते. १९७७ मध्ये प्रयोग संपला आणि त्याला ओक्लाहोमाला परत पाठवलं. पुढे काही वर्षांनी तो लशींच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेला विकला गेला. माणसांत वाढलेला प्राणी पिंजऱ्यात! लोकांनी आरडाओरडा केला म्हणून सुटला आणि टेक्ससमधल्या एका अभयारण्यात गेला. तिथेच २००० साली, २६ व्या वर्षी वारला.

टेरेसचा निष्कर्ष मला पटतो. पण 'वाक्य बनवता येत नाही' आणि 'मग याला कुठेही पाठवा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेळी दुसरीचा विचार फार कमी लोकांनी केला. व्याकरण नसलं तरी त्याला संत्रं हवं होतं, हे कळायला कुणाला व्हिडिओ पुन्हा बघावा लागला नाही.

असो. आज इतकंच.