अर्ध्या वाटेवरून परतलेलं जहाज

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. मग कधी एखाद्या अडलेल्या बाईला न्यायला हेलिकॉप्टर येतं. आभाळातून येणाऱ्या मदतीची वाट बघणं काय असतं, हे आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच पहिल्या महायुद्धातल्या 'एल-५९' या झेपेलिनची गोष्ट मला चटका लावते. झेपेलिन म्हणजे वायूने भरलेलं अजस्र जर्मन हवाई जहाज. हे २२६ मीटर लांब होतं! तेव्हा पूर्व आफ्रिकेत (आजचा टांझानिया) लेटो-फोरबेक यांचं जर्मन सैन्य कोंडीत सापडलं होतं, समुद्रमार्ग इंग्रजांनी रोखला होता. त्यांच्यासाठी २१ नोव्हेंबर १९१७ ला एल-५९ बल्गेरियातल्या यांबोलहून निघालं. आत २२ माणसं आणि सुमारे १५ टन माल: मशीनगन, दारूगोळा, औषधं. परत यायचं नव्हतंच, कारण तिकडे हायड्रोजन कुठून मिळणार? म्हणून जहाजच मोडून वापरायचं ठरलं होतं. वरच्या कापडाचे तंबू आणि कपडे, आतल्या मलमलीच्या मलमपट्ट्या...

भूमध्य समुद्र, वाळवंट ओलांडून ते सुदानपर्यंत पोचलं. आणि मध्यरात्री बिनतारी संदेश आला, परत फिरा! उतरायचा मुलूख शत्रूच्या हाती गेला होता. न थांबता ९५ तास उडून जहाज यांबोलला परतलं.

अशी वाट आपल्या माणसांनीही पाहिली आहे. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्या कुतच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणी उपाशी होत्या. विमानांतून धान्याची पोती टाकली गेली, पण ती पुरली नाहीत. २९ एप्रिलला शरण जावं लागलं.

एल-५९ चं पुढे काय झालं? मार्च १९१८ मध्ये त्याने नेपल्सवर बॉम्ब टाकले. ७ एप्रिलला माल्टावर हल्ल्याला जाताना ओट्रान्टोच्या सामुद्रधुनीवर त्याने पेट घेतला. कप्तान बॉकहोल्ट यांच्यासह सगळे २१ जण गेले. ते पाडल्याचा दावा कुणीही केला नाही. लेटो-फोरबेक मात्र मदतीशिवाय २५ नोव्हेंबर १९१८ पर्यंत टिकून राहिले.

ज्या पोटातून औषधं निघाली होती, त्याच पोटात चार महिन्यांनी बॉम्ब होते. यंत्राला काय, जे भराल ते नेईल. पावसाळ्यात हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की मला हे आठवतं, आणि आत पेशंट असू दे असं मनात येतं.