पिझ्झाच्या दुकानातली टेप

ब्रॉंक्समधल्या रॅपला सुरुवातीची काही वर्षं रेकॉर्डच नव्हती. ११ ऑगस्ट १९७३ला सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीत डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी फिरवल्या, तिथून या संगीताचा जन्म मोजतात. पुढे ते मोहल्ल्याबाहेर गेलं ते कॅसेटवरून. पार्टीत कुणीतरी रेकॉर्ड करायचं, मग कॉपीवरून कॉपी निघायची. त्यात खरखर असायची, गर्दीचा कल्ला असायचा, समोर उभ्या असलेल्या पोराचं नाव घेऊन मारलेला टोमणाही असायचा. टेप ऐकणाऱ्याला तेच हवं असायचं.

न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये अशीच एक टेप पिझ्झाच्या दुकानात वाजत होती. कामाला असलेला हँक तिच्यावर तोंडानं रॅप करत होता. तो रॅपर नव्हताच. ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉंक्सच्या रॅपरचं काम बघायचा. संगीत कंपनी चालवणाऱ्या सिल्व्हिया रॉबिन्सननं त्याला तिथूनच उचललं. हँकनं कॅझच्याच ओळी घेतल्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझचं टोपणनावसुद्धा एकेक अक्षर सुटं करत स्वतःचं म्हणून म्हटलं! १९७९चं ते ‘रॅपर्स डिलाइट’. जानेवारी १९८०मध्ये अमेरिकेच्या गाण्यांच्या मुख्य यादीत ते छत्तिसाव्या क्रमांकावर पोचलं. कॅझला ना नाव मिळालं, ना पैसा.

ब्रॉंक्सच्या जाणकारांनी नाकं मुरडली: हा कोण, कुठल्या पार्टीत गायला? रेडिओवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना ‘रॅपर्स डिलाइट’खाली वाजणारी ‘गुड टाइम्स’ या गाण्याची बेस लाइन पुरेशी होती, आणि खरं सांगायचं तर ती आहेच भन्नाट. अंडरग्राउंड की मेनस्ट्रीम, या वादाला रुचीचा वाद म्हणतात. माझ्या मते पहिली ठिणगी पडली ती श्रेयावरून.

बरं, टेपवाले तरी कुठले संत? डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे टेप बनवून विकायचा. त्यातूनच मिक्सटेप वाढली. २००२मध्ये रॅपर फिफ्टी सेंटनं दुसऱ्यांच्या बीटवर मिक्सटेप काढून बाजार हलवला आणि पुढच्याच वर्षी तो बड्या कंपनीचा हुकमी एक्का झाला. कंपन्या स्वतःहून मिक्सटेपवाल्या डीजेंना गाणी पुरवायच्या. फुकटची जाहिरात कोण सोडेल? तरी जानेवारी २००७मध्ये अटलांटात डीजे ड्रामा या अशाच एका मिक्सटेपवाल्याच्या स्टुडिओवर छापा पडला. आरोप पायरसीचा, आणि पोलिसांच्या जोडीला रेकॉर्ड कंपन्यांच्याच संघटनेची माणसं.