जर्मनच्या पातेल्याचे भोक

आज एका भोकाची गोष्ट सांगणार आहे.

ऐंशीच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या घरी दादीच्या तांब्याच्या देगच्या आणि पाण्याचा हंडा होता. अम्मीने स्वतः पैसे साठवून घेतलेले एक मोठे ‘जर्मन’चे पातेलेही होते. देगच्यांना वरचेवर कल्हई लागे. कल्हईवाला गल्लीत भाता मांडायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि काळवंडलेली देगची चांदीसारखी होऊन परत यायची. कल्हई उडाली की आंबट आमटी कळकते, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. जर्मनला कल्हईची कटकट नाही, म्हणून अम्मी खूश होती.

एका उन्हाळ्यात पातेले ठिबकू लागले. आत तळाला पांढऱ्या फोडी आल्या होत्या. एक फोड खरवडली, तर खाली सुईच्या टोकाएवढे भोक! कल्हईवाल्याने पातेले उलटसुलट करून पाहिले. ‘‘भाभी, याला डाख धरत नाही,’’ म्हणाला. दादीने सुनेला ऐकवले, ‘‘स्वस्तातलं घेतलंस ना!’’ ते बोल अम्मीच्या मनाला लागले.

आपण ज्याला जर्मन म्हणतो, ते ॲल्युमिनियम. ही धातू एके काळी मुळीच स्वस्त नव्हती. डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी १८२५ साली ती प्रथम वेगळी केली. अमेरिकेत १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा कळस बसवला, तेव्हा तिची किंमत चांदीच्या तोलाची होती. मग १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने ती काढण्याची एकच रीत शोधली. भाव कोसळले. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. पुढे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-चंदगडच्या पठारांवरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाऊ लागले. कळसावरची धातू गरिबाच्या चुलीवर आली ती अशी.

तिला कल्हई का लागत नाही? कारण ती स्वतःची कल्हई स्वतःच करते. हवा लागताच तिच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. पण ओरखडा पडला तरी क्षणात पुन्हा भरून येतो. त्याच पापुद्र्यामुळे तिला डाख धरत नाही. आमचा कल्हईवाला बरोबरच सांगत होता.

मग भोक कसे पडले? सोलापूर हे पाणी साठवून जगणारे गाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खणवला, इंग्रजांच्या काळात १८७१ साली एकरुखचा तलाव झाला. घरोघरीही पाणी साठवण्याचीच सवय. आमच्याकडे बोअरचे जड, खारे पाणी रात्री तांब्याच्या हंड्यात आणि सकाळी जर्मनच्या पातेल्यात जायचे. हंड्यातले अगदी किंचित तांबे पाण्यात उतरते आणि पातेल्याच्या तळाला बसते. खारेपणा पापुद्र्याला छिद्र पाडतो. मग तांबे आणि ॲल्युमिनियम यांची जणू एक छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. जड पाण्यातल्या क्षारांची फोड वर धरते आणि तिच्या आड भोक खोल जात राहते. पाणी जितके निवांत साठलेले, तितके हे काम बिनबोभाट चालते.

हाच प्रश्न आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळून – धार लावायच्या चाकात असतात तेच – हलके पण कणखर संमिश्र बनवतात. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या अँटेनाचे दांडे कार्बनचे धागे घातलेल्या ॲल्युमिनियमचे आहेत. अवकाशात पाणी नाही, तिथे ते निर्धास्त. जमिनीवर मात्र जिथे कण आणि धातू यांची गाठ पडते, तिथे पापुद्रा सलग राहत नाही. कार्बनचे धागे तर हंड्यातल्या तांब्याचेच काम करतात. बनवताना उष्णता जास्त झाली, तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते आणि ते पाण्यात टिकत नाही. विजेच्या साहाय्याने मूळचा पापुद्रा जाड करता येतो. बाजारातली काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई म्हणजे तेच. पण कण मध्ये आले की ही नवी कल्हईही अखंड बसत नाही. बळ वाढवायला जे घातले, तिथूनच झीज सुरू होते.

हे सारे मी वाचले, तेव्हा दादी नव्हती आणि अम्मीही नव्हती. नाहीतर दोघींना समोर बसवून सांगितले असते: अम्मी, तुझे पातेले वाईट नव्हते. दादी, तुझा हंडाही वाईट नव्हता. एकाचे पाणी दुसऱ्यात ओतायला नको होते, एवढेच.

ज्यांच्या घरी अजून तांब्याचा हंडा आणि जर्मनचे पातेले शेजारी शेजारी आहेत, त्यांनी हंड्यातले पाणी थेट पेल्यात ओतावे. आणि जर्मनमध्ये पाणी रात्रभर ठेवू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)