गॅस वर्क्स पार्क, सिएटल

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिएटल शहरात, लेक युनियन सरोवराच्या उत्तर काठावर जुन्या वायुकारखान्याच्या जागी उभारलेले सार्वजनिक उद्यान. क्षेत्रफळ सुमारे ७.७ हेक्टर.

येथे १९०६ पासून दगडी कोळशापासून वायू तयार होई. हवाबंद भट्टीत कोळसा तापवला की ज्वलनशील वायू सुटतो, कोक मागे उरतो. वायू थंड करून, धुऊन त्यातील डांबर व अमोनिया वेगळे काढावे लागतात. शहराला दिवाबत्ती आणि स्वयंपाकासाठी हा वायू नळांतून मिळे. १९३७ च्या सुमारास कोळशाऐवजी खनिज तेल वापरात आले. १९५६ मध्ये नैसर्गिक वायूच्या वाहिनीमुळे कारखाना बंद पडला.

महापालिकेने १९६२ मध्ये जागा घेतली. सगळे पाडून हिरवळ करावी, असे बहुतेकांचे मत. उद्यानाचे रचनाकार रिचर्ड हाग यांनी मात्र कारखान्याचे मनोरे टिकवण्याचा आग्रह धरला आणि तो पटवूनही दिला. गंजलेले मनोरे कुंपणाआड उभे राहिले, बाष्पक-इमारतीत सहलीचा निवारा झाला, तर पंपघरातील रंगवलेली यंत्रे मुलांच्या खेळासाठी मोकळी झाली. राडारोड्याच्या ढिगाचीच पतंगटेकडी बनली. उद्यान १९७५ मध्ये खुले झाले.

अडचण जमिनीखाली होती. मुरलेले डांबर जिरवण्यासाठी हाग यांनी मातीतल्या जिवाणूंची मदत घेतली. ही युक्ती काळाच्या पुढची खरी, पण अपुरी. १९८४ मध्ये प्रदूषणाच्या शंकेने उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले. २०१३ मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली.