दार उघडेपर्यंत

गोवा–हैदराबाद ही वाट बिदर-कलबुर्गीच्या माणसाला दोन्ही टोकांनी ओळखीची आहे. सुट्टीला गोवा, बाकी वर्षभर दवाखाना, कॉलेज आणि नोकरीसाठी हैदराबाद. रात्री हुमनाबाद-कमलापूरच्या महामार्गावर उभं राहिलं की ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाड्या एकामागोमाग एक निघून जातात. विमानाची वाटही फार लांबची नाही. गोव्याच्या दाबोळी विमानतळापासून हैदराबादच्या शमशाबादपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती बागलकोट-यादगीरकडून, म्हणजे कलबुर्गीच्या दक्षिण अंगानं जाते. 2022 साली या वाटेवर दोन घटना घडल्या, एक खाली आणि एक वर. खालची आधी घडली.

3 जून 2022, सकाळी साडेसहाच्या सुमारास

गोव्याहून रात्रभर धावत आलेली खासगी स्लीपर बस कलबुर्गी ओलांडून कमलापूरजवळ पोचली होती. बसमधली बरीच मंडळी हैदराबाद-सिकंदराबादची, एकमेकांच्या नात्यातली आणि ओळखीतली. घरातल्या मुलीचा वाढदिवस गोव्यात साजरा करून ती सगळी परतत होती. बिदर–श्रीरंगपट्टण महामार्गावर मालवाहू गाडीशी धडक झाली, बस रस्ता सोडून पुलाखाली गेली आणि पेटली. किमान 7 जण आत जळून गेले.

बस रस्त्याकडेला, जमिनीवरच होती. बाहेर पडायचं म्हणजे चार-पाच फुटांची उडी, तीही जमली नाही. पहाटेच्या झोपेतला माणूस, वरचा बर्थ, आतली दीड-दोन फुटांची वाट, ओढलेले पडदे आणि एकच नेहमीचं दार. संकटकाळी बाहेर पडायची खिडकी नियमाप्रमाणे असते खरी, पण ती नेमकी कुठं आहे हे तिच्याशेजारी झोपलेल्यालाही ठाऊक नसतं. ते सांगायला बसमध्ये कुणी उभंही राहत नाही.

2 जुलै, सकाळ, दिल्ली

इथून विमानाची गोष्ट सुरू होते, गोव्यापासून बरीच लांब. दिल्लीहून जबलपूरला निघालेलं स्पाइसजेटचं क्यू-400 जातीचं पंख्याचं विमान 5,000 फुटांवर असताना केबिनमध्ये धूर दिसला. विमान दिल्लीला परत आणलं आणि सगळे सुखरूप उतरले. याच कंपनीच्या विमानांत 18 दिवसांत 8 बिघाड झाले, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं जुलैच्या पहिल्या आठवड्यात कारणे दाखवा नोटीस धाडली. 27 जुलैला उड्डाणं निम्म्यावर आणायचा हुकूम निघाला. आधी तो आठ आठवड्यांपुरता होता, पुढे 29 ऑक्टोबरपर्यंत वाढवला.

अपघाताची वेळ आपण धूर दिसल्यापासून मोजतो. खरं तर ती कितीतरी आधीपासून मोजायला हवी.

8 ऑक्टोबर, पहाटे पाच

नाशिकला मिरची चौकात यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस ट्रकवर आदळून पेटली. 12 जण गेले. अशी बातमी चार दिवस टिकते. पाचवा दिवस संपायच्या आत पुढची आली.

12 ऑक्टोबर, रात्री दहाच्या आसपास, दाबोळी

मोपाचं विमानतळ तेव्हा सुरू व्हायचं होतं, त्यामुळे गोव्याची सगळी विमानं नौदलाच्या दाबोळीवरूनच उडायची. स्पाइसजेटचं हैदराबादचं उड्डाण एसजी 3735 निघालं तेव्हा त्यात 86 प्रवासी होते. विमान पुन्हा क्यू-400च. दोन इंजिनं, प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा. प्रवास जेमतेम सव्वा तासाचा.

साडेदहानंतर

उंची कमी करत विमान हैदराबादकडे यायला लागलं आणि कॉकपिट व केबिन दोन्हीकडे धूर दिसू लागला. प्रवाशांनी मोबाइलवर घेतलेली दृश्यं नंतर सगळीकडे फिरली. त्यांत पांढरट धुकं भरलेलं आहे आणि माणसं नाकातोंडावर हात धरून बसलेली आहेत.

हा धूर येतो कुठून? विमानातली हवा इंजिनातूनच येते, हे बहुतेकांना माहीत नसतं. बाहेरची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते. तिचा काही भाग मधूनच काढून, थंड करून केबिनमध्ये सोडतात. त्या वाटेत कुठं इंजिनाचं ऑइल झिरपलं, तर तापलेल्या हवेत त्याची वाफ होते आणि थेट वातानुकूलनातून माणसांच्या डोक्यावर येते. पुढच्या प्राथमिक तपासात हेच निघालं. इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हपाशी ऑइलचा माग सापडला, आणि तिथून ते केबिनच्या हवेत गेलं होतं. म्हणजे आग कुठंच नव्हती. पण हे कळलं नंतर. त्या रात्री आत बसलेल्यांपैकी कुणालाही हे माहीत असणं शक्य नव्हतं, वैमानिकांनाही नाही.

धूर दिसला की वैमानिक आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क चढवतात आणि मग आणीबाणीची तपासयादी उघडतात. प्रवाशांसाठी वरून लोंबणारे मास्क अशा वेळी सोडत नाहीत, कारण त्यांत केबिनचीच हवा मिसळत असते. प्रवाशाच्या हाती उरतो तो रुमाल, जमलं तर ओला करून. मान खाली घालून बसायचं, एवढंच.

अकराच्या सुमारास, शमशाबाद

धावपट्टी या विमानासाठी मोकळी ठेवली. 9 विमानं दुसरीकडे वळवली: 6 देशांतर्गत, 2 आंतरराष्ट्रीय, 1 मालवाहू. एसजी 3735 सुखरूप टेकलं.

टेकलं की सुटलो, असं वाटतं. 19 ऑगस्ट 1980 ला रियाधमध्ये नेमकं हेच वाटलं असावं. कराचीहून आलेलं सौदिया कंपनीचं ट्रायस्टार विमान जेद्द्यासाठी उडालं, सातेक मिनिटांत मागच्या सामानकक्षातून धुराचा इशारा आला, वैमानिकानं विमान परत फिरवलं आणि रात्री 9 वाजून 36 मिनिटांनी व्यवस्थित उतरवलं. मग ते जागच्या जागी थांबवण्याऐवजी धावपट्टीवरून बाजूला नेलं. थांबल्यावरही इंजिनं तीन मिनिटांवर चालूच होती, आणि इंजिनं चालू असताना बाहेरून कुणी जवळ जाऊ शकत नाही. आतून एकही दार उघडलं नाही. बचाव पथकानं बाहेरून दार उघडलं तेव्हा 10 वाजून 5 मिनिटं झाली होती. बाहेरची हवा आत शिरली आणि तीनेक मिनिटांत विमान आतून पेटलं. 301 माणसं होती. एकही वाचलं नाही.

विमान न पडता, कुठं न आदळता, जमिनीवर उभं असताना एवढी माणसं गेली. म्हणून उतरल्यानंतरची मिनिटं माझ्या लेखी उड्डाणापेक्षा महत्त्वाची.

त्यानंतरची दीड मिनिटं

44 पेक्षा जास्त आसनांचं विमान विकायला काढण्याआधी कंपनीला एक गोष्ट सिद्ध करावी लागते: निम्मी दारं बंद, अंधार, आणि तरी सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर. अमेरिकेत 1965 साली हा नियम आला तेव्हा मुदत 120 सेकंदांची होती, दोन वर्षांत ती 90 वर आणली. विमानात चढल्यावर हवाई सुंदरी दोन्ही हात पसरून दारं दाखवते आणि आपण मोबाइलमध्ये डोकं खुपसतो, त्या कवायतीमागं हा हिशेब आहे.

शमशाबादला लोक आपत्कालीन दारांतूनही उतरले. मोठ्या विमानांसारखी फुगणारी घसरगुंडी क्यू-400 ला नसते. त्याचं पोट जमिनीलगत असतं. दाराचा उंबरठा सहा फुटांच्या आत असेल तर घसरगुंडीची सक्ती नाही, सरळ उडी मारायची. बसच्या मागच्या खिडकीतून मारावी लागते तेवढीच. या गडबडीत एका बाईंच्या पायाला खरचटलं. 86 प्रवाशांत झालेली इजा एवढीच.

पुढचा आठवडा

महासंचालनालयाचा आदेश आला. कंपनीची चालू असलेली 14 क्यू-400 विमानं, म्हणजे 28 इंजिनं. दर 15 दिवसांनी प्रत्येक इंजिनाच्या ऑइलचा नमुना प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा या उत्पादकाकडे पाठवायचा. ऑइलमध्ये धातूचा वा सीलचा चुरा आहे का ते तिथं तपासलं जाणार. ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हच्या जाळीपाशी ओलं ऑइल दिसतं का ते बघायचं. शिवाय इंजिनाच्या आत नळीचा कॅमेरा घालून पाहणी.

हे सगळं जुलैतच झालं असतं तर, असा प्रश्न कुणीही विचारील, आणि तो रास्त आहे. तरीही पायाला खरचटण्यावर निभावलेल्या घटनेनंतर 28 इंजिनांचं ऑइल देशाबाहेर तपासायला जातं, याचं मला अप्रूप वाटतं. कमलापूरनंतर त्या महामार्गावरून जाणाऱ्या किती स्लीपर गाड्यांची मागची खिडकी उघडून बघितली गेली? बस बॉडी कोडमध्ये, म्हणजे बसच्या बांधणीच्या नियमांत, संकटकाळच्या वाटा आहेत, काच फोडायची हातोडीही आहे. कित्येक गाड्यांत हातोडीची नुसती खोबण दिसते. क्लीनरला विचारावं तर तो हसतो.

1 जुलै 2023, मध्यरात्रीनंतर दीड, सिंदखेडराजा

समृद्धी महामार्गावर नागपूर–पुणे बस डाव्या अंगावर कलंडली आणि पेटली. दार डावीकडेच होतं, ते खाली दबलं. 33 जणांपैकी 8 वाचले.

24 ऑक्टोबर 2025, पहाटे तीनच्या सुमारास, कर्नूलजवळ

हैदराबादहून बेंगळुरूला जाणारी स्लीपर बस. एक दुचाकी तिच्याखाली अडकली, फरफटत गेली, ठिणग्या उडाल्या आणि आग लागली. बसमधले 19 प्रवासी गेले. धडकेनंतर पुढचं दार उघडलंच नव्हतं. वाचले त्यांतले बरेचजण काचा फोडून बाहेर पडले.